कच्चा टाका

मिलवॉकीत, स्टेडियमच्या पोटात, वॉशिंग मशीनशेजारी
बर्नडीन वोझनियाक नाव उसवतेय.
कास्तेयानो गेला.
न्यूयॉर्कने त्याच्या एकट्यासाठी मोजले
इथल्या अख्ख्या संघाच्या पगाराएवढे.
आला तेव्हा पोराला इंग्रजीत फक्त दूध मागता यायचं.

अक्षरं ती बिस्किटांच्या डब्यात टाकते.
मग त्यातलीच वेचून जुळवते
साल्सेडो: एकोणीस वर्षांचा, डावखुरा,
मालकाला परवडलेला.
एक 'डी' तेवढा कमी पडतो.
त्या बटबटीत निळ्या कापडाचा तुकडा
ती पदरमोड करून आणते.

"कच्चाच टाका घाल," मॅनेजर दारातून म्हणतो,
"हाही चांगला खेळला तर जाणारच."

मशीन थांबतं.
बर्नडीन दोरा दुहेरी करते,
गाठ दातांनी आवळते.
उसवायचं तिलाच आहे.