चुकांची वही

परभणीत सात वर्षं ओपीडी काढली,
कुणी पाच पर्याय घेऊन आलं नाही.
इथे टोलेडोत, मिसेस कोवाल्स्कींच्या तळघरात,
पहाटे साडेचारला चाळीसजण रांगेत.
नाव कुणालाच नाही, फक्त वय आणि तक्रार.

एकसष्ट वर्षांचा ट्रक ड्रायव्हर,
किडन्या थकलेल्या, ईसीजीत तंबूसारखी टोकं.
मी थेट इन्सुलिन दिलं.
तो मेला नाही;
पर्याय ब तेवढा लाल झाला.

पहिला महिना नुसते टक्के मोजले,
त्रेपन्न, एक्कावन्न, पुन्हा त्रेपन्न,
आणि लॅपटॉप दाणकन मिटला.
मग एक डॉलरची वही आणली.
तिच्यात उत्तर लिहायचं नाही,
का चुकलं तेवढंच:
घाई केली.
शेवटची ओळ वाचलीच नाही.
तपासणी परवडणार नाही असं धरून चालले, तिकडच्या सवयीनं.

डोक्यावरून बर्फ ओढणारी गाडी खरडत जाते.

अकरा दिवसांनी तो पुन्हा आला, वेष पालटून:
आता शाळेतली स्वयंपाकीण, डायलिसिस चुकवलेली.
टोकं ओळखली. आधी कॅल्शियम.
हिरवं झालं,
तरी स्पष्टीकरण तळापर्यंत वाचलं,
आणि तिला एक नाव दिलं, लोरेटा.

वहीत सगळ्यात जास्त वेळा एकच शेरा:
बरोबर होतं, मग बदललं.

परभणीत दुपारचे तीन वाजलेत.
मेघश्यामचा मेसेज येतो,
परत यायचं काय ठरवलंस?
वाचते. पुन्हा वाचते, शेवटच्या ओळीसकट.
या प्रश्नाला घड्याळ लावलेलं नाही.