दहा मिनिटांची मुदत

विश्रामबाग, सांगली. रात्रीचे पावणेदोन.
जुनी सेटिंग्ज उतरवून घेतली,
मग राउटरला बजावलं:
दहा मिनिटांत माझा शब्द नाही आला
तर आजचं सगळं विसर,
कालच्यासारखा जागा हो.

फोनवर जतच्या शाखेतला मगदूम:
"हिरवा हाय, मॅडम, अजून."

आप्पा उसाला पाणी पाजताना म्हणायचे,
नवं दार फोडल्याबिगर जुनं बुजवू नगं.

एक ओळ. एन्टर.
पडदा गप्प.
मगदूमही.
मिरजेत दवाखान्यासमोरच्या एटीएमपाशी
आत्ता कुणी उभं असेल?

आठ. नऊ. दहा,
आणि वर तीन.

"आलं बघा!"
मी काहीच केलं नव्हतं.
वहीत पाहिलं: सातच्या जागी एक वाचलेला.
माझाच इंग्रजी सात, आडवी रेघ न मारलेला.

रेघ मारली.
पुन्हा दहा मिनिटं मागून घेतली.