मुदतवाढ

जिल्हा कोर्टाच्या कुंपणाला टेकून माझं टेबल.
मशीन जुनं. र अडकतो, बोटाने सोडवावा लागतो.
भाडेकरार, शपथपत्रं, नावात बदल,
आणि सिंधी कॉलनीतल्या काही जणांचे
मुदतवाढीचे अर्ज. पानाला चाळीस रुपये.

पारपती खेमाणी, जन्म घोटकी, सिंध.
येण्याचं कारण: तीर्थयात्रा.
सगळे हेच लिहायचे.
तिची यात्रा चौदा वर्षं चाललेली, मुक्काम इंदूर,
शहराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी
विदेशी शाखेची परवानगी. उज्जैनलासुद्धा.
मला तिचं सगळं ठाऊक होतं, चेहरा सोडून.
टायपिस्ट कागदाकडे बघतो.

मग एकवीस सालचा एप्रिल.
ऑक्सिजन ब्याऐंशी.
भाच्याने चार दवाखाने फिरवून
मला जिन्याखालच्या खाटेवर टाकलं,
उशाशी सिलिंडर, त्यावर खडूने लिहिलेलं: भरलेला.
रात्री तीनला ते खोटं निघालं.

धावत आली ती प्लास्टिकच्या पोशाखात,
पाठीवर मार्करने नाव,
मी टाइप करतो तसंच, पा, र, प, ती.
पान्ह्याने नवा सिलिंडर आवळताना म्हणत होती,
साहु खणु, साहु खणु.
मला वाटलं, साहून घे म्हणतेय.
साहतोय की बाई, आणखी किती.
सकाळी कळलं, त्यांच्यात साहु म्हणजे श्वास.

सुक्कुरला तीन वर्षं नर्सिंग शिकलेली.
ते प्रमाणपत्र इथे ट्रंकेत,
इथे ती आया, रोजंदारीवर, फरशी आणि बेडपॅन.
पण त्या महिन्यात निम्म्या नर्सेस स्वतःच आडव्या,
कुणी कुणाला काही विचारलं नाही.
शीर सापडेना की हाक यायची, पारपतीला बोलवा.
लसीच्या यादीत मात्र तिचं नाव चढेना.
संगणक आधार मागायचा.

चौथ्या दिवशी मला खिडकीची खाट मिळाली.
ती कुणाची होती, विचारलं नाही.
पालथा पडून बघायचो:
शटरं खाली, बॅरिकेडला दांडकं टेकवून डुलणारा शिपाई,
विनापरवानगी बाहेर पडू नका, ओरडत जाणारी गाडी.
चौदा वर्षं ती ज्या अटींवर राहिली
त्याच अटींवर आता सगळं शहर राहत होतं
आणि दहा दिवसांत रडकुंडीला आलं होतं.

माझा खापरपणजोबा होळकरांच्या घोड्यांमागे
खरारा करत नर्मदा उतरून आला.
कुठल्या रकान्यात लिहिलं असेल त्याने कारण?

जुलैत दवाखान्याने नोटीस लावली,
फक्त नोंदणीकृत कर्मचारी.
ऑगस्टमध्ये एक बाई टेबलासमोर उभी,
मास्क हनुवटीवर, नाकाच्या दांडीवर काळा वळ.
मी ओळखलंच नाही.
बोलली तेव्हा ओळखलं.

रकाना अकरा, व्यवसाय.
घरकाम लिहा, म्हणाली,
नाहीतर विचारतील कुठल्या परवान्याने.
लिहिलं घरकाम.
र अडकला. मी सोडवेपर्यंत
दोघंही गप्प.

पैसे घेणार नव्हतो.
तिने चार नोटा मशीनखाली सरकवल्या,
मग सवयीने माझं मनगट धरलं
आणि कोर्टाच्या घड्याळाकडे बघत
मोजायला लागली.
ते घड्याळ कित्येक वर्षं बंद आहे.
मी काही बोललो नाही.