दुरुस्तीचा रकाना

खात्याला पन्नास वर्षं होतायत म्हणून
मनामाहून एका मुलीचा फोन आला, नूफ नावाच्या.
स्मरणिका काढतोय, अंकल, इतिहास सांगा.
किल्ल्या वाटतानाचे फोटो आहेत तिच्याकडे, आकडेही आहेत.
मी म्हटलं, इतिहास नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात असतो,
खाली, छोट्या रकान्यात, जिथे दुरुस्त्या लिहितात.

मूळ नकाशा हॅलमसाहेबाचा.
दोन खोल्या, न्हाणी, चूल आत,
दारं समोरासमोर, त्याच्या गावात असतील तशी.
मुहर्रकच्या झावळ्यांच्या झोपड्या ज्या साली जळाल्या
त्या साली चाळीस घरं तशीच उठली.

दुरुस्ती अ. उम्म राशिद ऑफिसात आली.
अबायातून एक बोट बाहेर काढलं
आणि माझ्या टेबलावर ठेवलं, बरोबर दारावर.
हे उघडलं की शेजाऱ्याला माझं पातेलं दिसतं.
आम्ही आडभिंत घातली.
साहेब म्हणाला, वारा अडेल.
ती म्हणाली, वळायला शिकेल.

ब. आतल्या स्वयंपाकघरांत तपासणीला गेलो
तर एकात शेळी, एकात दोन सायकली.
चूल अंगणात, जिथे बायकांनी ती कधीच नेली होती.
आम्ही ती तिथे काढली आणि खाली लिहिलं:
‘खात्याच्या सूचनेनुसार’.

क. कोळ्यांना जाळी वाळवायला गच्चीवर जिना.
मंजुरी येईपर्यंत भराव पडून
समुद्र चार किलोमीटर मागे सरला होता.
जिना ठेवला. वर पुढे अँटेना बसल्या.

ड, ई, फ नीट आठवत नाहीत.
तेल चढलं की खोली वाढायची, उतरलं की मोरी आखडायची.
यादी मात्र एकदाही आखडली नाही.
अर्जाच्या दिवशी कडेवर असलेलं पोर
किल्ली घ्यायला स्वतः आलं, मिशा घेऊन.

मग ग.
अबू खलील म्हणाले, टिपणीस, जिन्याखाली एक खोली दाखव.
कुणासाठी, विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघायला लागले.
दोन मीटर बाय दीड. मदतनीस.
तोवर त्या कागदावर आमच्यातलं कुणी नव्हतं;
विटा रचणारे नकाशात काढत नाहीत.
मी प्रमाणात एक खाट काढून पाहिली.
दार आत उघडलं तर खाटेला लागतं,
बाहेर उघडलं तर जिन्याला.
खिडकी मागितली. फाइल तीन टेबलं फिरून आली:
झरोका, पंचेचाळीस बाय तीस, मंजूर.
माझं म्हणून खात्यात एवढंच.

घर पाहावं बांधून म्हणतात.
मी साडेसहा हजार पाहिली काढून,
आणि गुदैबियातल्या खोलीत चौघांत झोपलो.
ते नका छापू.

नूफ बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, आमचं घर ग-नमुन्याचं.
त्या झरोक्यात कुमारी तिचं घड्याळ ठेवायची.
दुपारी भिंतीवर हाताएवढं ऊन पडायचं,
मी तिच्या खाटेवर झोपून त्यात बोटं नाचवायची.

कुठल्या बाजूला होता? पश्चिमेला?
हो. नंतर बाबांनी तिथे गाडीसाठी शेड घातली.

ही दुरुस्ती कुठल्याच रकान्यात नाही.
फोन कानाशी धरून
मी पेन्सिल शोधत राहिलो.