मालामाद्रे

दह्याच्या रिकाम्या डब्यात रोप घेऊन
खालच्या एदुविहीसबाई वर आल्या.
म्हणाल्या, "हे तुझ्याच्यानंही मरायचं नाही."

वाल्पाराइसोच्या या टेकडीवर
माझ्या हाताचा गुण सगळ्यांना ठाऊक आहे.
निवडुंग सडवलेला माणूस मी.
पुदिना तर मला नुसता बघूनच वाळला.

नाव विचारलं.
"मालामाद्रे," त्या म्हणाल्या. वाईट आई.
का, तर पोरं जवळ ठेवत नाही,
लांब दांड्याच्या टोकाला लटकवून
कुंडीबाहेर ढकलून देते.
मी काही बोललो नाही.
डबा खिडकीत ठेवला, समुद्राच्या बाजूच्या,
जिथं उजेड येतो पण ऊन येत नाही.

"बोट खुपस मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत.
कोरडं लागलं तर पाणी घाल.
ओलं लागलं तर आपल्या कामाला जा."
इतकं सोपं मला आयुष्यात कुणी काही सांगितलं नव्हतं.
दर मंगळवारी मी बोट खुपसायचो
आणि बहुतेक मंगळवारी
आपल्या कामाला जायचो,
बंदरातल्या गोदामावर, रात्रपाळीला.

मार्चमध्ये पानांची टोकं करपली.
मी तसाच जिने उतरून खाली गेलो.
बाई मासे साफ करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या,
"नळाच्या पाण्यात औषध असतं.
रात्रभर उघडं ठेव, मग घाल."
तेव्हापासून न्हाणीच्या दाराशी एक निळी बादली असते.
दोनदा अडखळलो तिच्यावर, शिव्या दिल्या,
हलवली नाही.

जुलैत छातीत पाणी झालं.
तीन आठवडे इस्पितळात.
परत आलो तर पानं फिकट, खिडकीच्या कडेवरून ओघळलेली.
बादलीतलं सगळं पाणी ओतलं
आणि बुटांसकट झोपलो.
संध्याकाळी उठून बघतो, तर उभी.
पुढं मोठ्या कुंडीत लावताना कळलं,
मुळांना पांढऱ्या गाठी होत्या, बोटाएवढ्या जाड.
उपाशी दिवसांसाठी
गुपचूप बाजूला काढून ठेवलेलं पाणी.

ऑक्टोबरात दांडा आला.
आधी पांढरी फुलं, शर्टाच्या बटणापेक्षा लहान,
मग टोकाला एक पोर, हवेत.
बाई कात्री घेऊनच आल्या.

मी नऊ वर्षांचा असताना
माझी आई डोंगर ओलांडून मेन्दोसाला गेली,
द्राक्षं खुडायला. नंतर एका दातांच्या डॉक्टरकडे, घरकामाला.
मला चिय्यानला मावशीकडे ठेवलं.
गल्लीतल्या बायका तिला जे म्हणायच्या
ते हेच दोन शब्द.
महिन्याच्या दहा तारखेला, कधी बाराला,
मनिऑर्डर यायची.
मी बूट घेतले, वह्या घेतल्या,
एकदा सायकलची चेन.
उत्तर एकदाही लिहिलं नाही.

दांडा हातात धरून बघितला.
सुतळीएवढा, पिवळट, दीड हात लांब.
खाली माती नाही, पाणी नाही,
आणि तरी त्या पोराची पानं ताठ.

"काप की," बाई म्हणाल्या.
म्हटलं, राहू दे अजून.
दह्याचा तोच डबा शोधला,
तळाला खिळ्यानं तीन भोकं पाडली, माती भरली,
मोठ्या कुंडीशेजारी ठेवला
आणि पोर त्यात टेकवून
बाईंच्या केसांतल्या आकड्यानं दाबून बसवलं.
दांडा तसाच ठेवला, मधोमध,
खिडकी लावताना आडवा येतो.

मेन्दोसाचा नंबर मावशीच्या वहीत आहे.
आता आकडे जास्त लागतात म्हणतात, पुढं काहीतरी जोडायचं.
विचारायला हवं कुणाला तरी.

आज मंगळवार.
दोन कुंड्या, दोन बोटं.
मोठीची माती ओली आहे.
धाकटीची कोरडी लागली.