सोडायला लागणारा वेळ

देओलिंदानं पल्सेटर आणला
चीजच्या फडक्यात गुंडाळून,
आजारी कोंबडी आणावी तसा.
टेबलावर ठेवून म्हणाली,
"टकटक तर करतो. पण दूध नीट उतरत नाही.
फर्मोझा लाथा झाडते."

आमच्या साओ जॉर्ज बेटावर
गाईंना धारेसाठी घरी आणत नाहीत.
यंत्रच जातं त्यांच्याकडे, चाकांवर,
हायड्रेंजियाच्या निळ्या कुंपणांमधून, धुक्यातून,
बारा व्होल्टच्या बॅटरीवर.
मिनिटाला साठ ठोके:
आचळ ओढायचं, आचळ सोडायचं.
वासराच्या जिभेची नक्कल
तांब्याच्या तारेनं आणि लोखंडी दांड्यानं केलेली.

सर्किट तादेउचं, तिच्या धाकट्याचं,
टोरोंटोला गेला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं.
डाग सुबक. हात चांगला होता पोराचा.
आधी त्यानं डायोड लावलाच नव्हता.
चार ट्रान्झिस्टर गेले.
तिनं ते डबीत ठेवलेत अजून,
पोराच्या दुधाच्या दातांशेजारी.

कॉइलला एकदम थांबणं जमत नाही.
स्विच उघडला, वाट मोडली,
तरी ती चालत्या पावलानं पुढं येते,
बाराचे तीनशे व्होल्ट करते
आणि समोर असेल त्याला फोडून जाते.
सुरू होतानाही तोच हट्ट:
दार सताड उघडं, आणि ही उंबऱ्याशी घुटमळते.

मग तादेउनं डायोड लावला, उलटा.
प्रवाहाला फिरायला अंगण मिळालं.
ट्रान्झिस्टर वाचला,
पोरगं विमानात बसलं.
प्रवाह मात्र त्या अंगणात फिरत राहिला,
दमेपर्यंत,
आणि तोवर दांडा धरलेलाच.

मी मोजलं. अडतीस मिलिसेकंद.
पापणीसुद्धा इतक्यात मिटून उघडत नाही.
पण आचळाला कळतं.

"म्हणजे धरतो वेळेवर," देओलिंदा म्हणाली,
"आणि सोडतो उशिरा."
मी हो म्हटलं.
समोर पिकोचा डोंगर त्या दिवशी दिसत नव्हता,
तरी ती तिकडेच बघत होती.

उपाय सोपा, जरासा निर्दय.
डायोडच्या ओळीत एक झेनर, तेहेतीस व्होल्टचा.
प्रवाहाला वाट द्यायची, पण चढणीची.
साठ सोसणाऱ्या ट्रान्झिस्टरवर
पंचेचाळीसपर्यंत उसळू द्यायचं त्याला.
मुळीच उसळू दिलं नाही तर सुटका लांबते,
हवं तेवढं उसळू दिलं तर कुणीतरी जळतं.
मधला आकडा काढणं, याचेच पैसे घेतो मी.

आणखी एक केलं, न विचारता.
दांडा ओढायला पाऊण अँपिअर लागतो,
आत आल्यावर धरायला पाव पुरतो.
पोरगं पूर्ण वेळ पाऊणच देत होतं.
म्हणून कॉइल इतकी तापायची
की वार्निशला कॅरॅमलचा वास आलेला.
लोखंड जवळ आलं की
ओढायचं कमी करावं, एवढंच.

आता सात मिलिसेकंद.
ती पैसे काढायला लागली, मग थांबली.
"तादेउला फोनवर सांगू नकोस हं, चुकलं होतं म्हणून."

चुकलं कुठं, मी म्हटलं.
पुस्तकात डायोडपर्यंतच असतं.
पुढचं गाईकडून शिकावं लागतं.

पैशांऐवजी तिनं चीजचा अर्धा चाक ठेवला,
नऊ महिने मुरलेला,
आणि फडकं झटकून परत नेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या रस्त्यानं जाताना
गाडी कुंपणाशी उभी केली मी.
धुक्यात दिसत काही नव्हतं.
ठोका ऐकू येत होता: कोरडा, नेमका,
दोन्ही टोकांना सारखा टोकदार.

तेवढ्यात बादली कलंडली.
आणि देओलिंदाच्या तोंडून
रविवारी चर्चमध्ये बोलता येणार नाही असं काहीतरी.
फर्मोझानं लाथ मारलीच होती,
सवयीनं.