साठातली एक

स्प्रूसच्या ओल्या ओंडक्याची चकती
बाबा लेथवर चढवतात
तेव्हा तिच्यात गाय नसते.
पाणी असतं फक्त,
पटाशी टेकली की तोंडावर उडणारं,
राळेच्या वासाचं, थंडगार.

मग गाय कडं होऊन फिरू लागते.
पाठ, पोट, मान, सगळं गोलगोल,
आणि बाबा ते आंधळ्यासारखं कोरत जातात.
ही खाच म्हणजे गळा.
तो फुगवटा कशाचा
ते त्यांच्या अंगठ्याला ठाऊक, मला नाही.
लेथ थांबतो. सुरी ठेवून हातोडीचा हलका ठोका,
आणि केकच्या फोडीसारखी
पहिली गाय सुटून पडते.
तिच्या बाजूला दुसरी.
सख्ख्या बहिणी,
आतल्या बाजूने जरा निमुळत्या.

डोंगरातलं कथील संपलं
तेव्हा आमच्या गावाने लाकूड खणायला घेतलं,
असं इथे म्हणतात.

हुल्डाआत्या बाबांची आत्या.
वय त्र्याऐंशी. खिडकीशी बसून
गाईंना अजून डोळे देते:
टाचणीचं डोकं काळ्या रंगात बुडवून
डावा. उजवा. पुढची.
पाचव्या वर्षी शिकली ती हे.
बाकावर दोन विटा, विटांवर ती,
एका दिव्याखाली सहा भावंडं.
कुणाकडे खूर, कुणाकडे ठिपके,
शेपट्यांचा सरस सगळ्यात धाकट्याकडे.
साठ झाल्या की एक खोका.
किती खोक्यांना एक पाव, तेही तिला अजून पाठ आहे.
शाळेत मास्तरांनी विचारलं,
साठानंतर काय येतं?
ती म्हणाली, नवा खोका.

आणि खेळायला? मी एकदा विचारलं.
तिने चष्म्यावरून असं पाहिलं
की जणू मी विचारलं होतं,
खाणीत तुम्ही पोहायचात का?

मी बालवाडीत शिकवते.
मोठ्या-लहान, पुढे-मागे, आत-बाहेर
हे सगळं आम्ही गाईंवरच शिकतो.
रंग लाळेने सुटत नाही
असं सहकारी संघाच्या फॉर्मवर लिहिलंय, तीन प्रतींत.
ते बरंच आहे, कारण ओर्ट्रून मोजत नाही, चावते.
वीलांड मोजतो, पण सातवर अडतो
आणि विचारतो,
मोजलेलं गाईला कळतं का?
मला उत्तर आलं नाही.
मी म्हटलं, कुंपणाचं दार लाव, थंडी आहे.

गुरुवारी एक वासरू दुरुस्तीला घरी आणलं.
कान गेलेला, पाठीवर दातांच्या खुणा.
बाबा म्हणाले, आण, घासून गुळगुळीत करतो.
हुल्डाआत्याने ते आधी मागून घेतलं.
दिव्याजवळ धरलं. एकेका खड्ड्यात
नख ठेवून पाहिलं, अगदी सावकाश.
“दुधाचे,” ती म्हणाली.
नवा कान तिनेच चिकटवला.
पाठ मात्र कुणाला घासू दिली नाही.

शनिवारी संघाचा माणूस खोके न्यायला यायचा होता.
बाबांनी वरचा खोका मोजला.
एकोणसाठ.
पुन्हा मोजला, या वेळी मोठ्याने.
अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिच्या हाताखालून
कधी एक कमी गेली नव्हती, एक जास्त नव्हती.
आत्या खिडकीतून बाहेर बघत होती.
बाहेर काहीच नव्हतं, बर्फ,
आणि सायकल ढकलत चाललेला पोस्टमन.
तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशाला
एक शिंग फुटलं होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे.
मग ते उठले,
फळीवरचं अर्धं उरलेलं कडं काढलं
आणि सुरी ठेवून
एक ठोका दिला.